हवापालट

गेल्या पावसाळ्यात मी पुण्यातली खोली सोडून पाचगणीला घरी आलो, तेव्हा आईने शेजारीपाजारी परस्पर सांगून टाकलं, "वर्क फ्रॉम होम मिळालंय त्याला. तेवढाच हवापालट."

खरं कारण वेगळं होतं. दीड महिना मला धड झोप नव्हती. कोड वाचायला घेतला की एकच ओळ तीन-तीनदा वाचूनही डोक्यात शिरायची नाही. आंघोळीला उठायचं या विचारातच सकाळ जायची. क्रिकेट, गाणी, मित्र, कशातच रस उरला नव्हता. ऑफिसातल्या एका सीनियरला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "जिम लाव."

आजी ९२ वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येतं, पण 'हवापालट' हा शब्द तिने बरोबर ऐकला. रात्री मला जवळ बसवून म्हणाली, "आमच्या दादालाही हवापालटालाच पाठवलं होतं."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आजीचं माहेर वाईचं. स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधी दादाला क्षय झाला. घरच्यांनी त्याला पसरणीचा घाट चढवून पाचगणीत एका बंगल्यातल्या खोलीत ठेवलं. गावात सांगितलं, हवापालटाला गेलाय. आजीच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं आणि क्षय असलेल्या घरात मुलगी द्यायला किंवा त्या घरची मुलगी करायला कुणी तयार नसायचं. दादा परत आला नाही. पुढे आजी लग्न होऊन पाचगणीतच आली, पण तो कोणत्या बंगल्यात होता हे तिला कुणी कधी सांगितलं नाही.

त्या रात्रीनंतर मी या दोन आजारांचा इतिहास वाचायला लागलो, एक दादाचा आणि एक माझा. ते इतके एकमेकांत गुंतलेले निघतील असं वाटलं नव्हतं.

पाचगणी आज शाळा, स्ट्रॉबेरी आणि टेबललँडसाठी ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जॉन चेसन या इंग्रजाने इथली वस्ती वाढवली. उंची साधारण १३०० मीटर. महाबळेश्वर जवळच असलं तरी तिथल्यापेक्षा इथे पाऊस बराच कमी, त्यामुळे हवा कोरडी. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात अशी हवा हाच उपचार मानला जायचा. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला. आजार कशाने होतो ते कळलं, पण तो बरा करता येईना. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत 'बेल-एअर' हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम सुरू केलं. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हेच उपचार असायचे. फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून छातीत सुईने हवा भरून ते मुद्दाम दाबून ठेवण्याची पद्धतही तेव्हा जगभर वापरात होती.

त्याच १९१२ साली इंग्रज सरकारने 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट' केला. क्षयाचा रोगी आरोग्यधामात जायचा, तर मनाचा रोगी या कायद्याखाली बऱ्याचदा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने वेड्यांच्या इस्पितळात जायचा. महाराष्ट्रातली चार सरकारी मनोरुग्णालयं, येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर, सगळी इंग्रजांच्या काळातली. "येरवड्याला पाठवा याला" हा विनोद आमच्या शाळेतही चालायचा, मीही तो केलेला आहे. तो कायदा थेट १९९३ पर्यंत टिकला. १९८७ साली संसदेने नवा कायदा केला, पण तो लागू व्हायलाच सहा वर्षं गेली.

दोन्ही आजारांची गाठ पडली ती १९५२ साली, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात. क्षयाच्या खितपत पडलेल्या रोग्यांवर तिथे आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड या नव्या औषधांची चाचणी चालू होती. रोग्यांची भूक वाढली, वजन वाढलं. आणखीही काहीतरी झालं. महिनोन्‌महिने खाटेवर पडून असलेली माणसं हसायला, बोलायला, वॉर्डात नाचायला लागली. तसे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. इप्रोनियाझिड घेणाऱ्यांमध्ये हा उत्साह विशेष दिसत होता. त्याच वर्षी अर्न्स्ट झेलर या शास्त्रज्ञाने दाखवलं, की मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या एका विकराला हे औषध अडवतं. १९५७ साली नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने ते नैराश्याच्या रोग्यांना देऊन त्याचे निष्कर्ष मांडले. यकृताला अपाय होतो म्हणून काही वर्षांतच ते मागे घ्यावं लागलं. पण गोळीने नैराश्य हटू शकतं हे जगाला पहिल्यांदा कळलं ते क्षयाच्या वॉर्डातून.

या गोष्टीला मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर तिची चाचणी घेतली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं, तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि ते क्लाइनने तीव्र मनोविकारांवर वापरून पाहिलं. १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रोगी मात्र खिन्न होतात असं डॉक्टरांना दिसलं. एक औषध माणसाला उभारी देतं आणि दुसरं खचवतं. दोन्ही मेंदूतल्या त्याच रसायनांवर उलटसुलट काम करतात. यावरून नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता, असा सिद्धान्त निघाला. आज तो फार सोपा केलेला हिशेब मानतात. आनुवंशिकता, आयुष्यातले धक्के, एकटेपणा, शरीराचे इतर आजार, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. औषधाचा अनेकांना उपयोग होतो, पण पहिलंच औषध प्रत्येकाला लागू पडेल असं नाही.

क्षयावर गोळ्या आल्यावर आरोग्यधामांचं काय झालं? १९५६ साली मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून औषध दिलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत. १९५९ साली निकाल आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नव्हती. साधारण त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रोग्यांच्या नातेवाइकांनाही आवारात तंबू ठोकून राहायला बोलावत होते. घरच्यांनी आजार समजून घेतला की रोगी लवकर घरी जातो, असा त्यांचा अनुभव होता. दोन्ही आजारांचे उपचार असे घराकडे निघाले.

आता निदानाबद्दल. मला सगळ्यात जास्त शंका इथेच होती. क्षय थुंकीत दिसतो, एक्स-रेत दिसतो. आमच्या कामातही बिघाड झाला की लॉग बघतात. नैराश्याचा लॉग कुठे असतो? साताऱ्यातल्या डॉक्टरांनी मला जवळजवळ पाऊण तास प्रश्न विचारले. झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं, कशातच रस नसणं, मरणाचे विचार. हे किती दिवस चाललंय आणि त्यामुळे रोजचं काम अडतंय का? मध्येच कधी झोपेशिवाय भरपूर उत्साह, वारेमाप खर्च, असं झालंय का? त्यांनी समजावलं, की हा प्रश्न महत्त्वाचा, कारण तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि औषधच बदलतं. दारू, घराण्यातले आजार, इतर गोळ्या, हेही विचारलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. ठरावीक लक्षणांपैकी निदान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यांत उदासी किंवा रस जाणं यांपैकी एक हवंच. निदानाचा एक प्रचलित निकष असा आहे.

म्हणजे निदान अंदाजपंचे नव्हतं. कॉखच्या आधी हजारो वर्षं क्षयही लक्षणांवरूनच ओळखत होते आणि तेव्हाही तो खराच आजार होता.

मला एक गोळी आणि दर आठवड्याला समुपदेशन सांगितलं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करायची नाही. समुपदेशनात मी माझे विचार कागदावर मांडून तपासायला शिकलो. 'डेडलाइन चुकली' हे घडलेलं, आणि 'मी निकामी आहे' हा त्यावर मी काढलेला निष्कर्ष. अशा पद्धतींपैकी एक अल्बर्ट एलिसची. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि 'विवेकनिष्ठ' हा शब्द देऊन मराठीत रुजवली.

एका नातेवाइकाने देवऋषीचंही सुचवलं होतं. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा गुन्हा ठरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला, विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं असं सांगितलं, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला लावलं. २०२२ पासून १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. मरणाचे विचार येत असतील तर आजच लावा.

औषध आलं, कायदाही बदलला. पण आमच्या घरात शब्द तोच राहिला, ऐंशी वर्षांपूर्वीचा. आईचीही चूक नाही, तिच्यासमोर माझी स्थळं आहेत. दादाच्या वेळी लपवणाऱ्यांकडे निदान इलाज तरी नव्हता. माझ्याकडे इलाज आहे आणि तो मी लॅपटॉपच्या बॅगेत लपवून ठेवत होतो. कुणी खोलीत आलं की गोळी राहून जायची. दोनदा तर सलग तीन दिवस राहिली आणि चक्कर, चिडचिड, सगळं उलटलं. लपवण्याने होणारं नुकसान असं अगदी साधं असतं.

गेल्या महिन्यात समोरच्या काकूंनी विचारलं, "काय रे, अजून हवापालट चाललाय?" आई दारातच होती. मी म्हणालो, "नाही काकू. मला नैराश्याचा आजार झालाय. साताऱ्याला डॉक्टर आहेत, गोळ्या चालू आहेत. बरं वाटतंय आता." आई आत निघून गेली. काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यांचा नंबर देशील? आमच्या धाकट्याला दाखवायचंय."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिने आजीचा गोळ्यांचा डबा आणला, रक्तदाबाची गोळी काढून आजीच्या हातावर ठेवली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. एक कप्पा रिकामा केलेला होता.