गाडीसाठी योग्य फ्यूज कसा निवडायचा? अँपिअर, रंग आणि वायरचा सोपा हिशोब

बाईकला मोबाईल चार्जर, कारला फॉग लॅम्प किंवा डॅशकॅम असं काहीतरी आपण बाहेरून बसवतोच. पण फ्यूज मात्र विसरतो, नाहीतर हाताला लागेल तो टाकतो. शॉर्ट सर्किट झालं की इथूनच आग लागते.

फ्यूज कोणाला वाचवतो?
फ्यूजचं पहिलं काम वायर वाचवणं. वायरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला की फ्यूजमधली पट्टी आधी वितळते आणि सर्किट तुटतं. म्हणून फ्यूजचं रेटिंग वायरच्या क्षमतेपेक्षा कमीच हवं.

हिशोब असा करा
वॅट ÷ व्होल्ट = अँपिअर. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे ११० वॅट. ११० ÷ १२ = साधारण ९.२ अँपिअर. त्यात २५ टक्के वाढवा, ११.५ येतात. त्याच्या वरचा बाजारात सहज मिळणारा फ्यूज १५ अँपिअरचा. वायर तांब्याची, २.५ चौरस मिमीची घ्या. १८ वॅटच्या मोबाईल चार्जरला ३ अँपिअर पुरतो.

ब्लेड फ्यूजचे रंग
- ३ अँपिअर: जांभळा
- ५: फिकट तपकिरी
- ७.५: तपकिरी
- १०: लाल
- १५: निळा
- २०: पिवळा
- २५: पारदर्शक
- ३०: हिरवा

रंगावर विसंबू नका, वरचा आकडाही वाचा.

कुठे बसवायचा?
बॅटरीच्या प्लस टर्मिनलजवळ, शक्यतो १५-२० सेंटिमीटरच्या आत. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी छोटी तितकी बरी.

मीरा-भाईंदरकरांनो, इकडे लक्ष द्या
एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र. खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवट थर चढतो, जोड सैल पडतो आणि होल्डर तापून वितळू शकतो. त्यामुळे झाकणाचा वॉटरप्रूफ होल्डरच घ्या आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा.

हे कधीच करू नका
- उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदी (फॉइल) किंवा तांब्याची तार लावू नका.
- १५ चा उडतोय म्हणून ३० चा टाकू नका. आता फ्यूजऐवजी वायर जळेल.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष फ्यूजचा नाही. कुठेतरी वायर घासलीय किंवा पाणी शिरलंय. आधी ते शोधा, मगच नवा फ्यूज लावा. आणि हो, त्याच रेटिंगचे दोन फ्यूज गाडीत कायम ठेवा.