यादीतून गळालेली माणसं

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना १९६७च्या सार्वमताने मताधिकार मिळाला, असं सर्रास सांगितलं जातं. त्या सार्वमताचा मताधिकाराशी संबंध नव्हता. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी तेव्हा कौल दिला तो आदिवासींना लोकसंख्येत मोजण्यासाठी आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला देण्यासाठी. मताचा कायदा १९६२चा. पण तारखेपेक्षा मोठी गफलत वेगळीच आहे. मागासलेल्यांना उशिरा का होईना हक्क दिला, असा सूर या कथेत असतो; प्रत्यक्षात हक्क आधी होता आणि तो काढून घेतला गेला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १८५६च्या घटनेत प्रौढ पुरुषांना मत देताना वर्णाची अट नव्हती. १८९४मध्ये तिथल्या स्त्रियांना मत मिळालं, त्यात आदिवासी स्त्रियाही आल्या. मरे नदीच्या मुखाजवळच्या पॉइंट मॅक्ले मिशनवर मतदान केंद्र होतं आणि १९०१ साली देशाची पहिली संसद निवडताना तिथल्या आदिवासी स्त्री-पुरुषांनीही मतं टाकली. क्वीन्सलँड आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने मात्र मालमत्तेची अट घालून आदिवासींसाठी दार जवळपास बंद करून टाकलं होतं.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०२मध्ये, ज्या कायद्याने देशभरातल्या गोऱ्या स्त्रियांना मत दिलं, त्याच कायद्याने आदिवासींना वगळलं. काळच तसा होता, हा बचाव इथे टिकत नाही. सरकारच्या मूळ मसुद्यात आदिवासींवर बंदी नव्हती, ती संसदेतल्या चर्चेत आली. आणि न्यूझीलंडच्या माओरींना त्याच कलमात सूट होती. घटनेच्या ४१व्या कलमाने राज्यात मत असणाऱ्याला केंद्रातही संरक्षण दिलं होतं. पण सरकारी कायदेपंडित रॉबर्ट गॅरन यांनी त्याचा अर्थ इतका आवळला, की आधीपासून यादीत असलेल्यांपुरताच तो उरला. नवी नावं चढेनात, जुनी माणसं गेली की हक्कही त्यांच्याबरोबर संपे. १९०२च्या कायद्याने आशियाई लोकांनाही वगळलं होतं; याच कलमाचा आधार घेऊन १९२४मध्ये मेलबर्नमधल्या मित्ता बुल्लोश या भारतीयाने कोर्टात दाद मागितली आणि तो जिंकला. दोनच वर्षांपूर्वी भारतीय नेते श्रीनिवास शास्त्रींनी ऑस्ट्रेलियाचा दौरा करून तिथल्या भारतीयांची बाजू मांडली होती. १९२५मध्ये संसदेने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना मत देऊन टाकलं. त्यांच्यामागे साम्राज्याच्या राजकारणाचं वजन होतं. आदिवासींमागे तेही नव्हतं. त्यांच्यातल्या माजी सैनिकांना आणि ज्यांना राज्यात मत होतं त्यांना १९४९पर्यंत थांबावं लागलं.

१९६२च्या कायद्याने सगळ्यांना केंद्रात मत दिलं, क्वीन्सलँडने राज्यापुरतं ते १९६५पर्यंत लांबवलं. इतरांना नाव नोंदवणं सक्तीचं, आदिवासींना ऐच्छिक. शिवाय त्यांच्यावर नोंदणीसाठी दबाव आणणं हा गुन्हा. भटक्या, निरक्षर माणसांना उगाच दंड होऊ नये म्हणून ही सवलत, असा युक्तिवाद होता, आणि तो सरसकट खोटा म्हणता येणार नाही. पण ज्या देशात सक्तीमुळेच यंत्रणा मतदाराच्या दारापर्यंत पोचते, तिथे सक्ती काढली की यंत्रणेचे पायही आखडतात. हा फरक १९८४मध्ये जाऊन मिटला.

संख्या इतकी कमी, की मत असून उपयोग काय, असंही विचारलं जातं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली मतदारसंघात १९७७मध्ये त्याचं उत्तर मिळालं. तिथे आदिवासी मतदार मोठ्या संख्येने होते, म्हणूनच निरक्षर आदिवासींच्या मतांवर हरकती घ्यायला पर्थहून वकील धाडण्यात आले. निरुपयोगी मतासाठी एवढा खर्च कोणी करत नाही. कोर्टाने ती निवडणूक रद्द ठरवली. पराभूत झालेले आदिवासी उमेदवार एर्नी ब्रिज फेरनिवडणुकीतही हरले, पण १९८०मध्ये ते निवडून आले आणि पुढे मंत्री झाले. जिथे वस्ती एकवटलेली, तिथे मताला धार आली. देशपातळीवर ती येत नाही: संसदेला सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाचा प्रस्ताव २०२३च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के लोकांनी फेटाळला. आणि उत्तरेकडच्या लिंगियारी या आदिवासीबहुल भागांच्या मतदारसंघात २०२२ साली मतदान जेमतेम ६७ टक्के झालं, सक्ती असलेल्या त्या देशात सर्वांत कमी.