स्मरणातील टेबल आणि इतिहासातील मोहीम : अमेरिकी भूमिकाखेळांच्या स्मरणरंजनाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

इतिहासलेखनात खेळांना फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. राजकीय घडामोडी, अर्थकारण आणि सामाजिक चळवळी यांच्या तुलनेत माणसे फुरसतीच्या वेळी काय करीत होती, हा प्रश्न गौण मानला जातो. तथापि एखादा समाज स्वतःच्या भूतकाळाचे चित्र कसे रंगवतो हे जाणून घेण्यासाठी त्याची करमणुकीची साधने पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ असेच एक साधन होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर आणि पहिल्या आवृत्तीच्या सुमारे १,००० प्रती, असा त्याचा आरंभ होता. २०२४ मध्ये या घटनेला ५० वर्षे पूर्ण झाली.

ज्या वाचकांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एक जण पंच होतो आणि एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो. इतर खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात व आपले पात्र आता काय करील ते तोंडी सांगतात. कृतीचे यशापयश फासे टाकून ठरते. पट नसला तरी चालते आणि शेवटी कोणी जिंकत वा हरत नाही. त्याच जगात अनेक बैठका, कधी वर्षानुवर्षे, चालणाऱ्या खेळाला ‘कॅम्पेन’ म्हणतात. हा शब्द लष्करी परिभाषेतून आलेला असल्याने आपला ‘मोहीम’ हा शब्द त्याला तंतोतंत लागू पडतो.

आज मध्यमवयात असलेले अनेक खेळाडू जुने सवंगडी संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणून अशा मोहिमा चालवितात. असे करताना त्यांच्या मनात एक खंत असते. खरा खेळ टेबलाभोवतीचा, पडद्यावरचा खेळ ही केवळ तडजोड, असे ते मानतात. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे येथे मांडली आहेत.

स्मरणरंजन की गतकातरता

इंग्रजीतील ‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दाचा जन्म वैद्यकशास्त्रात झाला. योहानेस होफर या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर असलेल्यांना जडणाऱ्या व्याधीसाठी घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ही संज्ञा तयार केली. मराठीत तिच्यासाठी दोन शब्द रूढ आहेत आणि त्यांत मोठे अंतर आहे. ‘स्मरणरंजन’ या शब्दात सुख आहे, ‘गतकातरता’ या शब्दात दुखणे आहे. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात केलेला भेद काहीसा याच जातीचा आहे. हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारी ओढ एक, आणि ते परत येणार नाही हे जाणून त्या ओढीवरच विचार करणारी दुसरी.

भूमिकाखेळांच्या बाबतीत पहिल्या प्रकारची ओढ कशी घडते याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका. तिच्या आरंभी १९८३ सालातील चार मुले घराच्या तळघरात टेबलाभोवती बसून हा खेळ खेळताना दिसतात. जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात या खेळाचे जे चित्र ठसले ते हेच. मालिकेचे निर्माते डफर बंधू यांचा जन्म १९८४ चा आहे. म्हणजे हे चित्र त्यांच्या अनुभवातले असणे शक्य नाही, ते वारशाने मिळालेले आहे.

हे चित्र खोटे आहे असे नव्हे. १९८० च्या दशकात नवशिक्यांसाठी सोप्या केलेल्या पेट्या मोठ्या प्रमाणावर खपल्या आणि तळघरातील चार मुले ही वस्तुस्थिती झाली. परंतु ती या खेळाची दुसरी अवस्था होती. पहिल्या अवस्थेकडे वळल्यास वेगळेच दृश्य दिसते. १९७४ च्या पुस्तिकांत एका मोहिमेत ४ पासून ५० पर्यंत खेळाडू असू शकतील आणि एका पंचामागे साधारण २० खेळाडू असावेत, असे सुचविले आहे. वीस माणसे एका टेबलाभोवती एकाच वेळी बसत नाहीत. ज्याला सवड असेल तो येई, उरलेले पुढच्या खेपेला. त्यामुळेच गायगॅक्स यांनी १९७९ च्या आपल्या पंचांसाठीच्या ग्रंथात मोहिमेतील काळाची काटेकोर नोंद ठेवण्यावर विलक्षण भर दिला आहे. निरनिराळे गट निरनिराळ्या दिवशी त्याच जगात वावरत असतील तर कोण केव्हा कोठे होता हे लिहून ठेवावेच लागते. चार मित्रांच्या कायम गटाला या हिशेबाची तेवढी गरज भासत नाही. पुढच्या पिढीला हा आग्रह विक्षिप्त वाटला, कारण तो ज्या प्रथेतून आला ती प्रथाच विस्मरणात गेली होती.

पंचाची वंशावळ

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे आणि युद्धखेळांचे मूळ बुद्धिबळात, म्हणजे पर्यायाने आपल्या चतुरंगात आहे. ब्राउनश्वाइगच्या हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर निरनिराळे भूप्रदेश दाखविले. प्रशियाचे लष्करी अधिकारी राइसवित्झ यांनी १८२४ मध्ये चौकटींचा पट सोडून प्रत्यक्ष नकाशा घेतला, फाशांचे कोष्टक दिले आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच बसविला. प्रत्येक पक्षाला शत्रूविषयी जेवढे कळणे वास्तवात शक्य असेल तेवढेच पंच सांगत असे. पुढे १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्न्वा यांनी नियमांचे ओझे कमी करून पंचाच्या विवेकावर अधिक विश्वास टाकला. अमेरिकी अधिकारी टॉटन यांच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगोस’ या ग्रंथातील पंचाची कल्पना जवळजवळ ९० वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी उचलली. १९६९ मध्ये त्यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर बेतलेला खेळ मांडला व त्यात सैन्यांबरोबरच गावातील व्यक्तींच्याही भूमिका खेळाडूंना दिल्या. त्यांच्याच मंडळातील आर्नेसन यांनी ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ या अद्भुत प्रदेशात नेली.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. आर्नेसन मिनेसोटात आणि गायगॅक्स विस्कॉन्सिनमध्ये होते, दोघांत पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर होते. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनीव्हाला येऊन ब्लॅकमूरचा खेळ दाखविला, त्यानंतरचे बरेचसे काम पत्रांतून आणि दूरध्वनीवरून झाले. टेबलाभोवतीच्या सहवासाचे प्रतीक मानला गेलेला हा खेळ रचला गेला तोच मुळी दूरस्थ पद्धतीने. पुढे श्रेय व मानधन यांवरून दोघांत न्यायालयीन वाद झाला, तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला.

टपालातील मोहीम

अंतरावरून खेळण्याची परंपरा याहूनही जुनी आहे. ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा खेळ १९५९ मध्ये आला आणि १९६३ पासून तो टपालाने खेळला जाऊ लागला. चाली पत्राने संयोजकाकडे जात आणि निकाल छापील पत्रिकेतून सर्वांना मिळत. फाशांचा प्रश्न मात्र बिकट होता. शंभर कोसांवरच्या प्रतिस्पर्ध्याने टाकलेल्या फाशावर विश्वास कोण ठेवणार? (फाशांवरचा अविश्वास आपल्याला महाभारतापासून परिचित आहे.) ॲव्हलॉन हिल या कंपनीच्या टपाली युद्धखेळांत यावर नामी तोड काढलेली होती. ठरलेल्या दिवशीचे शेअर बाजाराचे बंद भाव हाच फासा मानायचा. दोघांनी दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडले की निकाल लागला. आज संगणकाच्या यादृच्छिक आकड्याकडे जे काम सोपविले जाते ते त्या काळी भांडवली बाजार करीत होता.

भूमिकाखेळांच्या टपाली विश्वातील सर्वांत महत्त्वाचे नाव ली गोल्ड यांचे आहे. १९७५ च्या जूनमध्ये त्यांनी लॉस एंजेलिसहून ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ सुरू केले. ठिकठिकाणचे खेळाडू आपापली पाने पाठवीत, त्या ती एकत्र बांधून सर्वांना रवाना करीत. नियमांवरील वाद, मोहिमांचे वृत्तान्त, मागच्या अंकातील मजकुराला उत्तरे, असा तो संवाद होता. एका स्त्रीने सुमारे ५० वर्षे, २०२५ पर्यंत, सांभाळलेला हा उपक्रम तळघरातील चार मुलांच्या चित्रात कोठेही बसत नाही. त्याच दशकात कॅलिफोर्नियात एका पंचाच्या मोहिमेतील पात्र दुसऱ्या पंचाच्या मोहिमेत घेऊन जाण्याची चाल होती. बंद गटाची कल्पना तेथे नव्हतीच.

पडद्यावरील संयोजन

नकाशा, फासे आणि सोंगट्या संगणकावर मांडणारी ‘फँटसी ग्राउंड्स’ ही प्रणाली २००४ मध्ये व ‘रोल२०’ २०१२ मध्ये आली, आणि २०२० च्या महामारीत असंख्य गटांना त्यांचाच आधार मिळाला. तंत्राची अडचण उरली नाही, अडचण वेळेची आहे. नोकरी, मुलेबाळे आणि निरनिराळ्या देशांची घड्याळे सांभाळणाऱ्या पाच प्रौढांनी दर आठवड्याला ठराविक तीन तास काढणे जवळपास अशक्य असते. तरीही संयोजक तोच आग्रह धरतो, कारण त्याच्या आठवणीतला गट तसा होता. एक जण दोनदा गैरहजर राहिला की बैठक रद्द होते, तिसऱ्यांदा तारीखच ठरत नाही.

बेन रॉबिन्स यांनी २००७ मध्ये वर्णिलेली ‘वेस्ट मार्चेस’ ही मोहीम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तीत ठरलेला वार नव्हता, ठरलेला गट नव्हता व ठरलेले कथानकही नव्हते. खेळाडूंचा मोठा संच होता. कोणी कोठे जायचे आणि केव्हा खेळायचे हे खेळाडूच आपसांत ठरवीत व परतल्यावर इतरांसाठी वृत्तान्त लिहीत. १९७४ च्या वीस खेळाडूंच्या मोहिमेशी या रचनेचे साम्य उघड आहे. पंचावरील भार तीत हलका होतो आणि एखाद्याच्या गैरहजेरीने मोहीम थांबत नाही. जुने सवंगडी गोळा करू पाहणाऱ्या संयोजकाला स्मरणापेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो, असे म्हणता येईल ते याच अर्थाने.

विस्मरणाची दुसरी बाजू

स्मरणरंजन केवळ तपशील गाळत नाही. १९७५ मध्ये टीएसआर या कंपनीने ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा दुसरा महत्त्वाचा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे भाषाशास्त्रज्ञ होते. १९५१ मध्ये ते शिष्यवृत्तीवर भारतात आले होते, तेथे त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई विषय शिकवीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील भारत हा ऐकीव भारत आहे. त्यातील ‘राक्षस’ गायगॅक्स यांनी पुराणातून नव्हे, तर एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेवरून घेतला. त्या पार्श्वभूमीवर आशियाई भाषांच्या अभ्यासातून उभे राहिलेले बार्कर यांचे ‘टेकुमेल’ हे जग पाश्चात्त्य मध्ययुगापलीकडे पाहणारे म्हणून गौरविले गेले. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी तर बार्कर यांच्याच गटात बसून निरीक्षणे केली व १९८३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

२०२२ मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने जाहीरपणे मान्य केले की १९९१ ची एक नवनाझी कादंबरी बार्कर यांनीच टोपणनावाने लिहिली होती. होलोकॉस्ट नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही त्यांचे नाव होते. ज्यांनी त्यांच्या टेबलाभोवती तरुणपण घालविले त्यांच्या आठवणींचे आता काय करायचे, हा प्रश्न या मंडळींपुढे उभा राहिला. तो त्यांच्यापुरता मर्यादित नाही. एखाद्या कर्त्याच्या जगात आनंदाने वावरलेल्या प्रत्येक वाचकाला तो पडतो.

साधनांचा प्रश्न

जॉन पीटरसन यांनी २०१२ मध्ये या खेळाचा जो साधार इतिहास लिहिला त्याला मुख्य आधार होता तो १९६० व १९७० च्या दशकांतील हौशी पत्रिकांचा. हलक्या कागदावर, थोड्या प्रतींत निघालेल्या त्या पत्रिका संग्राहकांकडे टिकून राहिल्या. त्यानंतरच्या काळाची स्थिती वेगळी आहे. २००० मध्ये मुक्त परवाना आल्यावर जुने नियम नव्या नावाने छापणे शक्य झाले व २००६ पासून जुन्या धाटणीच्या खेळाचे पुनरुज्जीवन सुरू झाले. या चळवळीतील चर्चा आणि पडद्यावरील मोहिमा मोठ्या प्रमाणात ‘गूगल प्लस’ या सेवेवर चालत. पात्रे एका पंचाकडून दुसऱ्याकडे नेण्याची १९७० च्या दशकातील चालही तेथे पुन्हा अवतरली होती. २ एप्रिल २०१९ रोजी ती सेवा सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाली आणि तेथील नोंदी पुसल्या गेल्या. काहींनी आपापला मजकूर उतरवून घेतला, पण संवाद अनेकांचा होता आणि एकाच्या प्रतीत तो अर्धाच येतो. सध्याच्या प्रणालींत प्रत्येक फाशाचा आकडा वेळेसह आपोआप नोंदला जातो. तो टाकण्यापूर्वी खेळाडू आपसांत काय बोलले, कशावर हसले, कोणाच्या सांगण्यावरून ते पूल ओलांडायला तयार झाले, हे ध्वनिमुद्रण केले नसेल तर त्या नोंदीत नसते.