कार्बुरेटर ते इंजेक्टर

हंगेरीचे अभियंते दोनात बांकी यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. एक फूलविक्रेती नळीतून फुंकर मारून फुलांवर पाण्याचा बारीक फवारा उडवीत होती. तो पाहून त्यांना कार्बुरेटरची कल्पना सुचली म्हणे. आख्यायिकेचे काहीही असो, १८९३ मध्ये बांकी व यानोश चोंका यांनी फवाऱ्याच्या कार्बुरेटरचे पेटंट घेतले. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनीही तसाच कार्बुरेटर तयार केला.

त्यामागील तत्त्व शालेय पुस्तकातलेच आहे. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढली जाते. अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाऊन फवारा उडतो. याला ना वीज लागते, ना पंप. लहान मोटारसायकलला याहून स्वस्त साधन कोणते?

मात्र कार्बुरेटर काहीही मोजत नाही. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. उंच घाटात हवा विरळ होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. थंडीत चोक ओढावा लागतो. बाकीचे प्रमाण मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकत, स्क्रू पिळून साधत असे.

प्रदूषणाचा प्रश्न उभा राहिल्यावर एवढे पुरेना. धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही एकदम घटवणारा उत्प्रेरक मिश्रण नेमके असेल तरच नीट काम करतो. १९७६ मध्ये व्होल्व्हो मोटारींत बॉश कंपनीचा ऑक्सिजन संवेदक आला. धुरात उरलेल्या ऑक्सिजनचा तो अंदाज देतो. त्यावरून इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवायचा, हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते.

पंप, संवेदक व नियंत्रक यांचा खर्च लहान गाडीला जड होता. भारतात हिरो होंडाची १२५ सीसीची ग्लॅमर एफआय २००६ मध्ये आली, तरी कार्बुरेटरच टिकून राहिला. त्याला हटवले ते नियमांनी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीतही इंजेक्टर बसला. धूर स्वच्छ झाला. पण बिघाड शोधायला आता नुसता कान व स्क्रू-ड्रायव्हर पुरत नाही, स्कॅनर लागतो. रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजवाल्याला तो विकत घ्यावा लागतो आणि नवे शिक्षणही.

वर्गात पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरून तिच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोरात फुंकून पाहावे. मग मुलांना विचारावे : किती पाणी उडावे, हे येथे कोण ठरवते?