जुन्या वाहनाचे आंतरराज्य हस्तांतरण

जुन्या वाहनाचे आंतरराज्य हस्तांतरण म्हणजे एका राज्यात नोंदलेले वापरलेले वाहन दुसऱ्या राज्यातील खरेदीदाराच्या नावावर होणे. भारतात हा व्यवहार मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार होतो. त्यासाठी मूळ नोंदणी प्राधिकरणाचे नमुना 28 मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची संमतीही लागते. दुरून खरेदी करताना छायाचित्रांवर विसंबणे धोक्याचे; गंज किंवा अपघातानंतरची डागडुजी त्यांत सहसा दिसत नाही.

पैसे दिले, किल्ली मिळाली, तरी नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने सामान्यतः विक्रेताच मालक राहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (2018) या खटल्यात मोटार अनेक हातांतून गेलेली असूनही सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. परराज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास सामान्यतः नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.