गायरानाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाऊ लागले की वाटेत पैठण तालुक्यातले पाचोड लागते. मोसंबीमुळे हे नाव दूरवर पोहोचले आहे. पण मोसंबी पिकते ती ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या शेतात. ज्याला विहीर नाही आणि स्वतःचा बांधही नाही, अशा मराठवाड्यातील माणसाची नजर पिढ्यान्‌पिढ्या गावच्या गायरानाकडे लागलेली आहे.

गायरानाची मालकी सरकारची आणि चराई गावाच्या गुरांची. निजामी अमदानीत १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा होता व दप्तर पटवाऱ्याच्या हाती असे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६६ साली नवी महसूल संहिता आली. पटवाऱ्याच्या जागी तलाठी बसला. अलीकडे त्यालाही ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव मिळाले. दप्तराची कळ मात्र तिथेच राहिली.

१९५३ मध्ये मराठवाड्यातील भूमिहीन दलितांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. पुढे १९५९ मध्ये आणि १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हाच लढा मोठा झाला. अखेर २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, प्रामुख्याने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले.

ताबा सिद्ध कसा करावा, ही खरी मेख होती. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. तीत नाव आणि हातात दंडाची पावती असेल, तर माणूस तिथे नांगर धरीत होता हे सरकारला पटते. म्हणून मराठवाड्यात एक विलक्षण दृश्य दिसले. अतिक्रमण करणारा चावडीवर येऊन ‘माझा गुन्हा लिहा, मला दंड करा’ म्हणून विनवतो, आणि ज्याचे कामच ते लिहिण्याचे, तो लिहीत नाही! न लिहिण्याला शिक्षा नसते. गावच्या बड्या मंडळींची भीड, कधी वरिष्ठांचा कल, कधी निव्वळ आळस. कारण काहीही असो, वही कोरी राहते आणि वीस वर्षांचा घाम कायद्याच्या दृष्टीने घडलेलाच नसतो.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. तो खटला पंजाबातील एका तळ्याच्या जागेचा होता. धनदांडग्यांनी अधिकाऱ्यांशी संगनमत करून गावाच्या जमिनी गिळल्या, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही त्यात आहे. पण अपवाद कागद मागतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यातील गायरानांवरील सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणांचा आकडा आला, तेव्हा नोटिशींनी गावे हादरली. इतकी अतिक्रमणे होईपर्यंत दप्तर सांभाळणारे कुठे होते, हे मात्र कोणत्याही नोटिशीत विचारलेले नव्हते.

१९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील आपली कित्येक कुटुंबे याच भूमिहीन समाजातून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. त्यामुळे एकाच गायरानावर शेजारी शेजारी राबणाऱ्या दोन भावकींपैकी आपल्या माणसाची वाट अधिकच अरुंद होते. नाबोथाच्या मळ्याची कथा प्रवचनात ऐकताना आपण अहाबाच्या लोभावर थांबतो. ईजबेलीने राजाच्या नावे पत्रे लिहून त्यांवर त्याचीच मोहोर उठवली होती आणि नगरातील वडीलधाऱ्यांनी ती निमूटपणे अमलात आणली, इकडे आम्हांस लक्ष वेधावेसे वाटते.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. एक-ईची नक्कल साध्या अर्जाने मागता येते. आपल्या गावच्या वहीत कोणत्या साली कोणाची नावे चढली, कोणाची राहिली आणि खाली सही कोणाची आहे, हे धर्मग्रामातील शिकलेल्या मुलांनी एकदा वाचून काढावे. घरातील पेटीत दंडाची जुनी पावती असेल, तर तीही त्या नकलेशी ताडून पाहावी.