शिशाच्या पेटीपासून स्कूटरच्या बॅटरीपर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीच्या इतिहासावर बरेच जण लिहितील, म्हणून मी जरा वेगळा इतिहास निवडला आहे. या पंचवीस वर्षांत आपल्या घरांत एक वस्तू गाजावाजा न करता शिरली आणि वाढत गेली, ती म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. आपण राहायला आलो तेव्हा घरात अशी एखादी असायची. आज मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक, ट्रिमर, नातवंडांची खेळणी, इन्व्हर्टर आणि स्कूटर धरून मोजा, सहज दहाच्या वर निघतील.

हिचा जन्म मात्र जुना. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी तयार केली. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे आलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी हिच्याच वंशातली. वजनाला धोंडा, पण स्वभावाने बरीच शांत. एक खोड आहे: जास्त चार्ज झाली की हायड्रोजन वायू सोडते आणि तो ठिणगीने पेटतो. म्हणून आमच्या बँकेच्या शाखेत यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळी, हवेशीर खोली असे. घरी मात्र इन्व्हर्टर देवघराखालच्या बंद कपाटात जातो आणि वर निरांजन लागते! ते आधी हलवा.

खरी क्रांती केली लिथियमने. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन कंपनीत काम करताना स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची बॅटरी बनवली. लिथियम हा सर्वांत हलका धातू. पण चार्ज होताना त्यावर बारीक धागे वाढत आणि बॅटरीत आतल्या आत शॉर्टसर्किट होई. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिची ताकद वाढवली. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी तिच्यातून लिथियमचा शुद्ध धातू काढून त्याच्या जागी कार्बन घातला. मग त्यांनी परीक्षा घेतली. बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकला. जुन्या प्रकारची बॅटरी भडकली, नव्या बॅटरीला काही झालं नाही. १९९१ मध्ये सोनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना नोबेल मिळाले. ताकद आधीही होती. घरात येण्याइतकी सुरक्षित ती नंतर झाली.

तरी सुरक्षित म्हणजे निर्धोक नव्हे. आत दोन टोकांमध्ये केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि भोवती पेट घेणारा द्रव. बॅटरी आपटली, कारखान्यात दोष राहिला किंवा भलत्याच चार्जरने जास्त वीज भरली गेली, की पडदा निकामी होतो. मग काय होतं? आत उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया, त्यातून आणखी उष्णता. एक सेल शेजारच्या सेलला पेटवतो. विषारी धूर निघतो, आणि विझली असं वाटणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते.

मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. पुढच्याच वर्षी नोकियाने आपल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला. तेव्हा जो तो मोबाईलची पाठ उघडून बॅटरीवरचा नंबर वाचत होता, हे अनेकांना आठवत असेल. २०१६ मध्ये सॅमसंगला एक संपूर्ण मॉडेलच बंद करावे लागले.

मोबाईलपुरते हे असे होते. स्कूटरच्या बॅटरीत साधारण दोन-तीन युनिट वीज मावते, म्हणजे शंभराहून जास्त मोबाईल एकत्र. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला एका इमारतीत खाली ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ जण दगावले. त्याच महिन्यात आपल्या वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. नियम आले, पण आधी माणसे गेली. शिवाय जुन्या गाड्या आणि गल्लीत दुरुस्त करून घेतलेल्या बॅटऱ्या आजही वापरात आहेतच.

आपल्याकडे पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही, म्हणून मंडळी बॅटरी काढून वर घरी नेतात आणि दाराजवळच्या प्लगला लावतात. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच! पार्किंगमध्ये, जिना आणि मीटरपेटीपासून दूर, स्वतंत्र वायरिंगचे चार्जिंग पॉइंट बसवावेत, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा, अशी माझी समितीला विनंती आहे. खर्च होईल, हे खरं. पण एका जिन्यावर इतकी घरं अवलंबून आहेत.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. चार्जर त्या वस्तूचाच किंवा कंपनीने सांगितलेलाच वापरावा. मोबाईल उशीखाली किंवा गादीवर चार्ज करू नये. स्कूटर चालवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, मगच लावावी आणि आपण जागे असतानाच. फुगलेली, गळणारी, वास येणारी किंवा जोरात आपटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी; कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तरी पेटते. आणि पेटलीच, तर सामान वाचवत बसू नये. सगळ्यांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे, शेजाऱ्यांना हाका माराव्यात आणि १०१ ला फोन करावा.

योशिनोंनी बॅटरी बाजारात जाण्याआधी तिची परीक्षा घेतली. आपणही आज रात्री झोपण्यापूर्वी घरातले प्लग एकदा पाहून घ्यावेत.